झाकलेलं दिसलं पाहिजे

"आपल्या पंगतीला नुसत्या नळ्या अन् रस्सा. मटन समदं गवंड्यायच्या ताटात गेलं बघ," वनमाला बायनाबाईच्या कानाशी पुटपुटली आणि पुटपुटतच भाकरीचा भलामोठा तुकडा रश्शात बुडवला.

बायनाबाईनं ताटाला हात लावला नव्हता.

"खाय की वं. कावून बसलीस अशी? बोकडावर राग हाय का?"

"बोकडानं काय केलंय माझं," बायनाबाई म्हणाली.

मांजरसुंब्याच्या चौकाजवळ, ढाब्यांच्या रांगेत हे कॉम्प्लेक्स उभं राहत होतं. खाली गाळे, वर लॉज, आणि लिफ्ट. आदल्या दिवशी दुसऱ्या मजल्याचा स्लॅब भरला होता. स्लॅब भरला की मजुरांना जेवण घालायचं, ही रीतच. एरवी वरण-भात आणि मूठभर बुंदीवर भागतं. या खेपेला गुत्तेदार माणिकरावांनी बोकड कापलं. कोपऱ्यातल्या कॉलमला हळदी-कुंकवाचे पट्टे ओढले, नारळ फोडला. बोकड कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी विचारलं नाही.

पंगतीच्या शेवटाला लिफ्टचा खड्डा होता. त्याच्याभोवती आता लाल फीत होती, फितीला झेंडूच्या माळा होत्या. माणूस मेल्यावर खड्ड्याला फुलं मिळाली.

बायनाबाई या साईटवर पाणी मारायची. उमेदीची वर्षं उसाच्या फडात गेली, पुढं कमरेनं मोळी उचलू देईना तशी ती बांधकामावर आली. नवा स्लॅब वाळू द्यायचा नसतो. ती त्यावर मातीचे वरंबे घालून वाफे करायची आणि पाईप धरून ते भरत बसायची. "मालकीचं रान न्हाई, तर न्हाई. स्लॅबवर तर वाफे भरते," असं स्वतःच म्हणून हसायची. बीडमधल्या किती दुकानांचे, दवाखान्यांचे स्लॅब तिच्या पाण्यावर पक्के झाले होते. इमारत उभी राहीपर्यंत ती तिथल्याच पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. इमारत झाली, रंग लागला, काच बसली, की शेड निघायचं आणि शेडबरोबर ती. पुढं त्या दारात उभं राहिलं तर वॉचमन "काय पायजे?" विचारायचा.

साईटवरचे शब्द ती ऐकूनच शिकली होती. पण त्या शब्दांना नाती लावून दिली अजिनाथनं. अजिनाथ सेंट्रिंगवाला. स्लॅबखाली टेकूच्या लाकडी बल्ल्या ठोकायच्या, वर लोखंडी प्लेटा अंथरायच्या, हे त्याचं काम. तोंड अखंड चालू.

"मावशे, बीम म्हंजी सासू अन् कॉलम म्हंजी सून," तो वरून ओरडायचा. "सासू आडवी पडून ऱ्हाती, समदं वजन सुनंवर."

"अन् छज्जा?"

"छज्जा म्हंजी दीर. कामाचा न्हाई धामाचा, नुसता भाईर लटकून रस्ता बघतंय."

बाया घमेली खाली ठेवून हसायच्या.

"अन् पॅरापीट रं?" एकदा बायनाबाईनं विचारलं होतं.

गच्चीच्या कठड्याला काय नातं लावावं, याचा विचार करत त्यानं हातातली प्लेट खाली ठेवली. मग म्हणाला, "ती माय. काई करत न्हाई बिचारी, नुसती कडंला उभी ऱ्हाती. लेकरू पडू ने म्हनून."

बायनाबाईला लेकरू नव्हतं. तिनं पाईप तेवढा दुसऱ्या वाफ्यात टाकला.

मागच्या पंधरवड्यात दुसऱ्या स्लॅबच्या सेंट्रिंगला प्लेटा कमी पडल्या. खड्ड्याच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, लिफ्टचं भोक प्लेटांनी झाकलेलं होतं. माणिकराव खालून ओरडले, "त्या काढा की! तितं काय कामाच्या?" रामेश्वर मिस्त्री म्हणाला, "मालक, उघडं पडंल." त्यावर माणिकराव म्हणाले, गाळे बघायला पाव्हणे येणारेत, दोन गजांवर भिजकी पोती टाका. झाकलेलं दिसलं पाहिजे.

झाकलेलं दिसलं. पाव्हणे येऊन गेले, गाळे त्यांना आवडले. आणि खांद्यावर बल्ली घेऊन मागं-मागं सरकणाऱ्या अजिनाथलाही ते झाकलेलंच दिसलं. सगळ्या स्लॅबवर भिजकी पोती होतीच, त्यातलंच ते एक. बायनाबाई चार पावलांवर पाईप धरून उभी होती. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पोतं खाली गेलं.

तेव्हापासून साईटवर सगळ्यांची भाषाच बदलली. काल-परवापर्यंत जो खड्डा होता त्याला माणिकराव 'डक्ट' म्हणू लागले. अजिनाथ मेला असं कोणी म्हणेना, 'ती घटना' म्हणू लागले. रामेश्वर मिस्त्री तंबाखू मळत सांगायचा, "मोठं बांधकाम बळी मागतंच. त्याची येळ आलती." बाया मान डोलवायच्या. वेळ आली होती म्हटलं की कसं, कोणाचं नाव घ्यावं लागत नाही.

रागाचंही काँक्रीटसारखंच असतं. पाणी मारत राहिलं तर तो विरघळत नाही, उलट पक्का होतो. ही सगळी माणसं बायनाबाईला "जाऊ दे, जाऊ दे" म्हणत रोज पाणीच मारत होती. आणि ती सकाळपासून ज्या नव्या स्लॅबवर वाफे भरत होती, त्याच्या पोटाला त्याच प्लेटा होत्या.

"ऐका रे!" माणिकराव पंगतीच्या मधोमध येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, हातात जिलबीचं ताट. "उद्या कामगार खात्याचे साहेब येणारेत. घाबरायचं न्हाई. जे खरं ते सांगायचं. त्याला चक्कर आली. जरा घेतलेली व्हती. संपला विषय."

"न्हाई तर काय," कोणीतरी म्हणालं. रामेश्वर मिस्त्री ताटात खाली बघत नळी चोखत राहिला.

माणिकराव बायनाबाईजवळ आले, वाकले. "बायनाबाई, पयलं तुलाच इचारतेल. तू वरच व्हतीस. अन् तुजं वय बघून माणूस इश्वास ठेवतंय." त्यांनी तिच्या ताटात स्वतःच्या हातानं जिलबी वाढली. "जिन्याखालची खोली तुजी. लॉजची झाडलोट करायची, पडून ऱ्हायाचं. आता ह्या वयात कुटं पत्र्यात ऱ्हातीस? मी शब्द देतो."

वनमालेनं कोपरानं ढोसलं. "लई नशीब काढलंस की वं!"

जिन्याखालची खोली. पक्की भिंत, वर स्वतः पाणी मारलेला स्लॅब. बायनाबाईनं एवढ्या इमारती ओल्या ठेवल्या, पण कुठल्याही इमारतीनं तिला आत घेतलं नव्हतं. खोटं कशाला सांगा, तिला ती खोली हवी होती. दाराला आतून कडी असेल, हे तिच्या मनात लगेच आलं. आपल्या मनात ते आलं याचाच तिला संताप आला.

तेवढ्यात गेटाशी रिक्षा थांबली. माणिकरावांनी अजिनाथच्या बायकोला आणायला रिक्षा पाठवली होती. जाईबाई उतरली. कोरं कपाळ, पायांत नवऱ्याच्या मोठ्या चपला. माणिकरावांनी पुढं होऊन तिच्या ओटीत पातळ ठेवलं. सगळ्यांना दिसेल असं.

"बसा बाई, जेवा. अजिनाथ आपल्या घरचाच व्हता."

जाईबाई बसली नाही. पातळ तिनं तिथंच वाळूच्या ढिगावर ठेवलं.

"गावात मानसं म्हनायलीत, तेनं पेला व्हता." आवाज बारीक होता, पण पंगतीच्या शेवटच्या ताटापर्यंत पोचला. "माझं पोरगं शाळेत जाईना. पोरं त्याला चिडवायलीत, बेवड्याचं म्हनून. तेनं आयुष्यात कदी थेंब घेतला न्हाई. तुमी समदे तितंच व्हते ना? कुनीतरी सांगा. पेला व्हता का तेनं?"

सगळ्यांना एकदम भूक लागली. माना ताटात गेल्या. वनमाला, जिला इतका वेळ मटण दिसत नव्हतं, ती रिकामी नळी दातांनी फोडू लागली.

"वैनी, येळ आलती त्याची," रामेश्वर मिस्त्री ताटाला सांगितल्यासारखं म्हणाला. "आता दोन घास खावा."

"म्या येळ न्हाई इचारली, भाऊजी."

वरच्या वाफ्यातलं पाणी कुठून तरी पाझरून लिफ्टच्या खड्ड्यात टपटपत होतं. जाईबाई त्या आवाजाकडं वळली. फितीला लावलेले झेंडू तिनं बघितले, आणि हाच तो खड्डा, हे तिच्या ध्यानात आलं. ती फितीकडं चालू लागली. पाय फरफटत होते, चपला मोठ्या होत्या.

बायनाबाई उठली. जिलबी वाढलेलं आपलं ताट बाजूला सरकवलं. कमरेवर हात देत, पंगत ओलांडून ती जाईबाईच्या पुढं गेली आणि फितीला पाठ लावून, खड्ड्याच्या कडेला आडवी उभी राहिली.

"बायनाबाई, खाली बस," माणिकराव म्हणाले. मग हळू आवाजात, "खोलीचं ध्यानात हाय ना?"

"हाय की."

जन्मभर तिनं गुत्तेदाराला मालक म्हटलं होतं.

"जाई, तुजा नवरा पेला न्हवता," ती म्हणाली. "खड्डा उघडा व्हता. प्लेटा ह्या मानिकरावानं काडायला लावल्या, अन् वर पोती टाकायला लावली. येळ आली न्हवती त्याची, ह्यानं मारलं त्याला. अन् आमी समदे बगत व्हतो."