यादीतून काढलेलं नाव

शेजारच्या इमारतीतली एक मुलगी बारावीच्या निकालानंतर दोन दिवस घरी आली नाही, तेव्हापासून संजीवनीने हे काम अंगावर घेतलं होतं. कात्रपमधल्या सोसायट्या, दोन शाळा, रिक्षा स्टँड, मेडिकलवाले, सगळ्यांना तिने वर्षभर मागे लागून एकत्र आणलं, समिती केली आणि अध्यक्षही तीच झाली. मुलांना घरी बोलता येत नसेल, तर वस्तीतल्या कुणाशी तरी बोलता यावं, एवढंच तिचं म्हणणं. अशा अकरा माणसांची यादी शाळांच्या फलकावर लागली. मुलांनी सांगितलेलं आपल्यापाशीच ठेवायचं, जिवावरचं असेल तरच तोंड उघडायचं, हा नियमही तिनेच घातला.

यादीत काशीबाईंना ओढलं तेही तिनेच. पालेगावहून भाजी आणून त्या शाळेच्या कोपऱ्यावर बसायच्या. बाकी दहाजणांनी घेतलेलं दोन दिवसांचं प्रशिक्षण तेवढं त्यांनी घेतलं नव्हतं.

एका गुरुवारी संजीवनी त्या कोपऱ्यावरून जात होती, तर काशीबाईंशेजारी पालथ्या क्रेटवर उन्नती बसलेली. तिची स्वतःची मुलगी. घरात 'हो' आणि 'बघते' यापलीकडे न बोलणारी उन्नती हातवारे करून बोलत होती. मधेच तिने बाहीने डोळे पुसले. काशीबाई मेथीच्या जुड्या बांधत नुसत्या ऐकत होत्या. संजीवनी हाक न मारताच मागे वळली.

दुसऱ्या दिवशी तिने काशीबाईंना गाठलं. "उन्नती काय सांगत होती?"

"ता माज्याजवलच राहील, ताई. नियम तुमचाच हाय ना?"

"मी आई आहे तिची."

"हाव. म्हनून तर जिवावरचा असता तर पयला तुमालाच सांगलं असता."

समितीच्या महिन्याच्या बैठकीत संजीवनीने विषय काढला. यादीत फक्त प्रशिक्षण घेतलेली माणसं असावीत.

"पण सगळ्यात जास्त मुली काशीबाईंकडेच जातात," मुख्याध्यापिका शलाका म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणते. काही चुकीचं सांगितलं गेलं तर जबाबदार कोण?" तिच्या आवाजातली काळजी इतकी खरी वाटली की कुणाला शंका आली नाही. हात वर झाले.

काशीबाई उठल्या. "काडा माजा नाव. पोरींना सांगा मातर, नायतर उगाच येत राहतील."

त्याच आठवड्यात उन्नती दप्तर न उतरवता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"काशीमावशींचं नाव तू काढलंस?"

"समितीने काढलं."

"मी त्यांच्याशी बोलायचे म्हणून ना?"

संजीवनी गॅस बारीक करत राहिली. त्यानंतर उन्नतीचं 'हो' आणि 'बघते'ही बंद झालं. ताट खोलीत न्यायची, अर्धं तसंच परत आणायची. उरलेल्या दहांपैकी एकाकडेही ती गेली नाही. तीन आठवडे असे गेल्यावर संजीवनी रिक्षा करून पालेगावला गेली. नव्या टॉवरांच्या मागे काशीबाईंचं घर होतं. त्या ओट्यावर भेंडी निवडत होत्या.

"प्रशिक्षणाचं निमित्त होतं," संजीवनी उभ्याउभ्याच म्हणाली. "माझी मुलगी तुमच्याशी बोलते, ते मला बघवलं नाही."

"ता मना तवाच कललं," काशीबाई म्हणाल्या. "माजी पोर तिच्या काकूजवल बोलाची. लय जलायची मी. दोन वर्सं जावेशी बोलली नाय."

"मग?"

"मग काय? पोरीनं काकूकडंबी जायचा सोडलान. बसा, पानी आनते."

पुढच्या बैठकीत संजीवनीने सगळ्यांसमोर खरं सांगितलं. रिक्षावाले भगवान जमिनीकडे बघत राहिले, शलाकाबाईंनी चष्मा काढून पुसला. काशीबाईंचं नाव यादीत परत आलं. समितीचं अध्यक्षपद मात्र संजीवनीने शलाकाबाईंना घ्यायला लावलं.

उन्नती पुन्हा गुरुवारी कोपऱ्यावर बसू लागली. घरी पूर्ण जेवू लागली. काय बोलते, ते आईला अजून ठाऊक नाही. त्या दिवशी संजीवनी मागच्या गल्लीने बाजारात जाते, कारण दोघींना हसताना बघणं तिला अजूनही जमत नाही.