बोटाला सोबत हवी

माझं शरीर माझ्यावर उलटलंय, हे मला डॉक्टरबाईंकडून कळलं. त्या म्हणाल्या, "रोगांशी लढणारी यंत्रणा तुमच्याच रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर हल्ला करतेय. भिंती सुजतात, आतली वाट बारीक होते, रक्त टोकापर्यंत पोचत नाही."

"म्हणजे घरातलंच भांडण."

"हो. पण त्यात तुमचं बोट जाईल."

डाव्या हाताचं मधलं बोट. आधी पांढरं पडायचं, मग निळं. आता टोकाला काळपट डाग. गोळ्या चालू होत्याच, आता वाहिन्या मोकळ्या करायला सोमवारी दिवसभराचं सलाइन लावायचं होतं. त्या औषधानं रक्तदाब घसरतो, म्हणून सोबत कोणी असल्याशिवाय ते देत नाहीत.

"घरचं कोणी आहे ना?"

"आहेत की," मी म्हणालो. खोटं नव्हतं. परगावी का होईना, दादा आहे.

"अरे, आधी सांगायचं ना!" दादा फोनवर म्हणाला. "पुढच्या महिन्यात येतो. तोवर टिकेल ना बोट?"

"विचारून सांगतो त्याला."

मी कपड्यांच्या दुकानात काचेआडचे पुतळे सजवतो. दिवसभर चांगल्या कपड्यांतल्या माणसांत उभा असतो. जेवलास का, असं कोणी विचारत नाही. पण नावंही कोणी ठेवत नाही. सोमवारी वेळ आहे का, म्हणून मी त्या सगळ्यांना विचारून पाहिलं. त्यातल्या त्यात रेनकोटवाला मोकळा वाटला.

दुकानात माझ्या जोडीला टाचणी. तिच्या तोंडात कायम टाचण्या, म्हणून हे नाव. ओठ उघडायची सोय नसल्यानं ती "हं" आणि "हं?" एवढंच बोलायची. आमचं छान चाललं होतं.

पुतळ्याला कोट चढवायचा तर त्याचे हात मनगटातून फिरवून काढावे लागतात. बाही आधी, हात नंतर. त्या दिवशी एका ओव्हरकोटाचं अस्तर बाहीत गोळा झालं होतं. ते सरळ करायला मी पुतळ्यामागे बसून आतून हात घातला, तो बाहीच्या टोकातून बाहेर आला. टाचणीला वाटलं, हात काढायचा राहिलाय. तिनं तो धरला आणि सराईतपणे पिळला.

हाताला काहीच कळलं नाही. खांद्याला कळलं, आणि मी बोंबललो. काचेबाहेरच्या एका बाईनं त्या ओव्हरकोटाकडे पाहून पिशवी टाकली.

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून पुतळ्याच्या छातीत खोचल्या.

"हा तुझा हात आहे?"

"दुकानाचा तर नाही."

"एवढा गार? मला प्लास्टिक वाटलं."

"मलाही हल्ली तसंच वाटतं."

ती हसली नाही. मग मला सगळं सांगावं लागलं.

"सोमवारी कोण येतंय?"

"रेनकोटवाल्याशी बोलणी चालू आहेत."

"गप रे. मी येते. हात उपटायला निघाले होते तुझा, एवढं तर देणं लागतेच मी."

टाचण्यांशिवाय टाचणी इतकं बोलते, हे मला सोमवारी कळलं. तिच्या आईचे गुडघे, शेजाऱ्यांचा कुत्रा, त्या कुत्र्याचे गुडघे. नर्सनं शेवटी आमचा पडदा ओढला. मी डोळे मिटून ऐकत होतो. तिनं थांबू नये असं वाटत होतं.

संध्याकाळी ती चहा आणायला खाली गेली आणि नेमक्या तेव्हाच डॉक्टरबाई आल्या. त्यांनी माझी नखं एकेक दाबून सोडली. बाकीची गुलाबी झाली. मधलं झालं नाही.

"टोक जाईल," त्या म्हणाल्या. "बोट वाचवता येईल. गुरुवारी पुन्हा सलाइन लावू. सोबतच्या बाई कुठे गेल्या?"

"चहा आणायला."

"बरं." आणि त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या.

टाचणी दोन कप घेऊन आली. "आल्या होत्या का? काय म्हणाल्या?"

एखादा विनोद सुचेल म्हणून मी थोडा थांबलो.

"टोक जाणार," मी म्हणालो. "गुरुवारी परत यायचंय."

ती पलंगाच्या कडेला बसली. "गुरुवारी आईला गुडघे दाखवायला न्यायचंय रे. नाही जमणार."

"चालेल."

"चालेल काय? कोण येईल?"

"बघतो."

तिनं आपला उरलेला अर्धा चहा माझ्या कपात ओतला आणि रिकामा कप धरून, मी पिऊन संपवेपर्यंत तशीच बसून राहिली. मी सावकाश प्यायलो.