उजागरेबाईंचे गुण

उज्जैनच्या फ्रीगंजात देवश्री उजागरे समोरून येताना दिसल्या, की लोक आधी शर्टाची बटणं चाचपायचे आणि मग नमस्कार करायचे. बाईंनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवलं. ख्रिस्ती बाई आणि संस्कृत, याचं नव्या पालकांना नवल वाटे. पण ते पहिल्या पालकसभेपर्यंतच टिके. पुढे नुसती धास्ती उरे. बाई कधी ओरडल्या नाहीत, कुणावर हात उगारला नाही. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्या शांतपणे ऐकत, आणि मग "छान हं" म्हणत. त्या "छान"ला अशी धार असे, की माणूस घरी जाऊन आपण नेमकं काय चुकीचं बोललो ते आठवत बसे.

ऐकता ऐकता बाई मनात गुण देत. दहापैकी.

ही देणगी वडिलांची. वडील नगरकडून मिशनच्या शाळेत हेडमास्तर म्हणून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. घरी पाहुणा येऊन गेला, की दार लागायचा अवकाश, मास्तर निकाल जाहीर करीत. "बोलणं सात, अक्कल तीन. चहा फुरके मारून प्याला, अर्धा कापला." सगळं घर हसायचं. सगळ्यांत जास्त हसायची ती लहानगी देवश्री, कारण ती हसली की मास्तर तिच्याकडे बघायचे. एरवी बघायचे नाहीत. तिच्या स्वतःच्या वाट्याला आले पाच. बोर्डात पहिली आली त्या दिवशी साडेपाच. लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवरच मास्तरांनी जावयाला साडेचार दिले. रेल्वेतले ते गरीब स्वभावाचे उजागरे त्यावर हसले. ते जन्मभर असेच हसत राहिले, आणि बायकोने त्यांचा अर्धा गुणदेखील कधी वाढवला नाही.

मास्तर गेले, उजागरे गेले, बाई रिटायर झाल्या. गुण देणं मात्र काही रिटायर झालं नाही. ते सकाळी डोळा उघडल्यापासून आपोआप सुरू होई. दूधवाला तीन, तो दुधात पाणी नव्हे, पाण्यात दूध घालायचा. शेजारचे बँकवाले दोन. रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या फुलासकट "शुभ प्रभात" पाठवायचे आणि त्यातल्या "शु"ला रोज दीर्घ उकार द्यायचे. टावर चौकात पोह्यांची प्लेट आधी कॅमेऱ्याला दाखवून मग स्वतः खाणारी पोरं; त्यांना काय गुण देणार, तेवढी शाई तरी का वाया घालवावी.

रविवारी तर ऊत यायचा. नवे पास्टर आदित्य जबलपूरचे, तिशीतले, दाढी कोरलेली. त्यांनी उपासनेनंतर एक वर्ग सुरू केला. पडद्यावर सूर्योदयाचा फोटो आणि त्यावर मोठ्या अक्षरांत "विचारों पर वीजय". तो दीर्घ "वी" पाहून बाईंचं डोकंच उठलं.

पास्टर सांगत होते, "मन में कोई भी गंदा विचार आए ना, उसे पकड़ो और यीशु के सामने खड़ा कर दो. बस!"

विचार म्हणजे काय बसस्टँडवरचा पाकीटमार आहे, बाईंच्या मनात आलं. धरला आणि ठाण्यात नेला! त्यांनी पास्टरना दीड दिला आणि चपला घातल्या.

घरात सून आली ती पल्लवी. इंदूरची, ख्रिस्ती घरातलीच, घरच्या घरी केक करून विकणारी. मुलाला, हर्षलला, ती कशी आवडली, हे आईला कोडं होतं. मराठी बोलताना "मी बोलली" म्हणायची, हसताना टाळ्या द्यायची, आणि जेवणाच्या टेबलावर क्रीमच्या नळ्या पसरून ठेवायची. बाई तिला एका शब्दानेही टाकून बोलल्या नाहीत. त्या "छान हं" म्हणायच्या.

मग बाईंचा वाढदिवस आला. पल्लवीने दिवसभर खपून केक केला. सासूबाई संस्कृतच्या, म्हणून त्यावर क्रीमने मोठ्या हौसेने लिहिलं, "शुभम भवतू". चर्चच्या मंडळीतले चार लोक आले होते, मेणबत्ती विझली, टाळ्या वाजल्या. बाईंनी सुरी उचलली, आणि कापायच्या आधी सुरीच्या टोकाने तो शेवटचा दीर्घ उकार अलगद खरवडला. तिथे ऱ्हस्व काढला. "म"चा पाय मोडायला जागा होत नव्हती म्हणून "म" पुसून "भ"वर टिंब दिलं. मग केक कापला. सगळं अगदी शांतपणे आणि नीटनेटकं. कुणीतरी उगाच खोकलं. पल्लवीने हसून सगळ्यांना तुकडे वाटले आणि महिन्याभरात हर्षलला घेऊन नानाखेड्याला फ्लॅटमध्ये राहायला गेली.

"तिकडनं मला ऑफिस जवळ पडतं," हर्षल म्हणाला. त्याला खोटंही धड बोलता येत नव्हतं. चार.

त्यानंतर वर्षभराने एका दुपारी हर्षलचा फोन आला. पल्लवीला पाचवा महिना होता. बाळ गेलं होतं.

बाई ई-रिक्षा करून निघाल्या. सिंहस्थाच्या नावाने रस्ता जागोजाग खोदून ठेवलेला. नकाशा काढणाऱ्यापासून फावडं मारणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे निकाल लावत त्या हॉस्पिटलात पोचल्या. हर्षल बाहेर बाकावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. आत पल्लवी भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायला हवं, म्हणून त्यांनी मनात शब्द शोधले, तर शब्दांच्या आधी निकाल आला.

शून्य. एवढंही धड जमलं नाही.

बाई स्वतःच दचकल्या. तोंडातून हूं की चूं निघालं नव्हतं. पण पल्लवीने मान वळवली.

"मम्मी, काय बोलायचंय ते बोलून टाका ना."

"काही नाही बोलायचं मला."

"तोंडाने तुम्ही कधीच नाही बोलत," पल्लवी म्हणाली. आवाज थकलेला, पण त्यात भीती उरली नव्हती. होती ती निव्वळ किळस. "तरी मला सगळं ऐकू येतं. जा तुम्ही."

बाई जिन्यापर्यंत आल्या आणि पायरीवरच बसल्या. सुनेने अपमान केला म्हणून नव्हे. मनात आलेलं ते वाक्य त्यांनी ओळखलं होतं, म्हणून. ते त्यांचं नव्हतंच. हर्षलच्या आधी त्यांचंही एक बाळ असंच गेलं होतं. तेव्हा मास्तर बघायला आले होते, खाटेपाशी उभे राहून म्हणाले होते, "काय देवश्री, यातही नापास?" आजूबाजूचे हसले होते. आणि खाटेवरची देवश्रीही हसली होती. इतकी हसली होती, की पुढे ते सगळं विसरूनच गेली.

दुसऱ्या दिवशी त्या पास्टरकडे गेल्या. दुसरं कुणी नव्हतंच. आयुष्यभर सगळ्यांना नापास करत आलेल्या बाईला सांगायला माणूस कुठून उरणार? पास्टर चर्चच्या ओट्यावर बिघडलेला माइक उघडून बसले होते.

"तुमचा तो पाकीटमार," बाई म्हणाल्या, "तो धरायचा कसा?"

पास्टरना काही कळेना. बाईंनी खुलासा केला. पास्टर ओशाळले.

"सच बताऊं मैडम? तो वर्ग मी यूट्यूबवरून उचलला होता."

दिसतच होतं, बाईंच्या मनात आलं. "पण तुम्ही स्वतः काय करता?"

"मी? मैं तो ज़ोर से बोल देता हूं. जसा विचार आला तसाच यीशूला सांगतो. आधे तो बोलते-बोलते ही शर्म से मर जाते हैं."

"आणि उरलेले अर्धे?"

"वो उसी के पास छोड़ देता हूं. माझ्याच्याने कुठे होतंय!" पास्टरनी स्क्रू पिळला आणि मान खाली घालून म्हणाले, "तुमच्याबद्दल पण बोललोय. बहुत बार."

बाईंना राग यायला हवा होता. आलाही. पण त्या उठल्या नाहीत. पास्टरनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, लांबलचक, आणि व्याकरणाच्या नावाने सगळा आनंद. बाईंनी डोळे उघडे ठेवून ती ऐकली.

घरी येऊन त्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. दूध उतू जायच्या बेतात होतं. त्यांनी गॅस बंद केला आणि रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाल्या, "प्रभू, दूधवाला तीन."

आपलाच आवाज ऐकून त्यांना वेड्यासारखं वाटलं. पण त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे पुढे काहीच झालं नाही. वडिलांनी निकाल सांगितला की सगळं घर हसायचं. इथे ऐकणारा हसत नव्हता. बाईंनी शेजारी सांगितले, हर्षल सांगितला, पास्टर सांगितले. एकेक आकडा ओट्यावर पडत होता आणि कुणी उचलत नव्हतं. क्रुसावर ज्याच्या डोक्याच्या वर लोकांनी टिंगलीची पाटी ठोकली, येता-जाता थुंकले, खाली उतरून दाखव म्हणून खदखदले, त्यालाच आपण दुसऱ्यांच्या पाट्या वाचून दाखवतोय, हे बाईंच्या ध्यानात आलं. रविवारमागून रविवार त्या क्रुसाखाली बसत आल्या होत्या, आणि बसल्या होत्या हसणाऱ्यांच्या बाजूला.

मग त्या म्हणाल्या, "देवश्री पाच."

आणि वाट बघत राहिल्या. आता तरी निकाल लागेल, वाढेल नाहीतर कापला जाईल. काही आलं नाही. पाचही नाही. कुणी त्यांना मोजतच नव्हतं. बाई खाली फरशीवर बसल्या आणि बोर्डात पहिली आलेली मुलगी जितकं रडायला हवी होती तितकं रडल्या.

यानंतर बाई संत झाल्या, असं कुणी समजू नये. जन्माचं वळण असं थोडंच जातं! सकाळी डोळा उघडला की आकडे येतच. फरक एवढाच, की आता त्या ते धरून मोठ्याने म्हणत, आणि बरेचसे म्हणता म्हणता ओठांतच लाजून मरत. काही मरत नसत. दूधवाला खरोखरच पाणी घाली. ते त्यांनी देवाला सांगितलं, मग दूधवाल्यालाही सांगितलं, पहिल्यांदाच तोंडावर, "छान हं" न म्हणता. शेजाऱ्यांचा संदेश आला की त्या दात-ओठ खाऊन प्रार्थना करीत, आणि उत्तरादाखल नमस्कार पाठवीत. कित्येक दिवस सगळंच हुकायचं. अशा दिवशी बाई रात्री जेवताना तेवढं कबूल करीत आणि झोपत.

नानाखेड्याला जायला त्यांना बराच काळ लागला. गेल्या तेव्हा पल्लवीने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"आज काय तपासायला आलात?"

"आत येऊ?"

पल्लवी बाजूला झाली. तिने बसा म्हटलं नाही. बाई आपणहून खुर्चीच्या कडेवर टेकल्या. पल्लवी फोनवर कुणा गिऱ्हाइकाशी बोलत राहिली, मुद्दाम लांबवत, खिदळत. बाईंना कळत होतं, हा आपलाच धडा, आपल्याच शिकवणीतला. मनात तिच्या उद्धटपणाचा आकडा वर आला. बाईंनी ओठांतल्या ओठांत तो सांगून टाकला.

"काय पुटपुटताय?" फोन ठेवून पल्लवीने विचारलं.

"प्रार्थना."

"माझ्यासाठी? आता हेच राहिलं होतं!"

"पल्लवी, माझंही एक गेलं होतं. हर्षलच्या आधी. त्याला ठाऊक नाही."

पल्लवीच्या चेहऱ्यावरचं तुच्छतेचं हसू तसंच राहिलं, पण ते कुणासाठी आहे हे तिला कळेनासं झालं. ती समोर बसली. बाईंनी मास्तरांचं ते वाक्य तिला सांगितलं. हॉस्पिटलात आपल्या मनात तेच आलं होतं, हेही सांगितलं.

"आणि तुम्ही काय बोललात त्यांना?"

"हसले."

पल्लवी म्हणाली, "किती घाणेरडा माणूस होता तुमचा बाप."

मास्तरांबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. बाईंचा चेहरा लाल झाला. वडील म्हणावं, बाप नाही, हे त्यांच्या जिभेच्या टोकावर आलं. त्यांनी ते गिळलं.

"होता," त्या म्हणाल्या. "पण मला फार आवडायचे ते."

"मी माफ-बिफ काही केलेलं नाही, मम्मी. सांगून ठेवते."

"नको करूस. मी मागायला आले नाही."

"मग?"

बाई खुर्चीत मागे सरून बसल्या. पल्लवी ओढणीच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "आम्ही तिचं नाव ठेवलंय. मुक्ता. हर्षलने सांगितलं नसेल."

"नाही."

"तुमच्या बाळाचं?"

"कुणी ठेवलं नाही. मीपण नाही."

रस्त्यावरून बसचा कर्कश भोंगा वाजला. पल्लवी म्हणाली, "ते पुटपुटणं करायचं तर मोठ्याने करा. पण तुमच्या त्या शुद्ध मराठीत नको. मला कळेल असं करा."

बाईंनी डोळे मिटले. इतक्या वर्षांच्या संस्कृतच्या बाई, आणि शब्द सापडेना. "प्रभू," त्या म्हणाल्या, "मुक्ता तुझ्याकडे आहे. तिथे आणखी एक बाळ आहे, त्याला नाव नाही. त्याला हाक मारताना तू काय म्हणतोस, मला माहीत नाही. मला सांग. आणि हिला..." वाक्य तसंच अपुरं राहिलं.

पल्लवीने आमेन म्हटलं नाही. पण ती उठूनही गेली नाही. हर्षल ऑफिसातून आला, तेव्हा दोघी तशाच समोरासमोर बसलेल्या. दोघींचे डोळे सुजलेले बघून तो दारातच घाबरला.

"काय झालं? आई? पल्लू?"

"काही नाही," पल्लवी म्हणाली. "चहा टाक. मम्मी थांबणार आहेत."