टाकीतला सुस्कारा

गल्ली माणसांनी तुडुंब भरली होती. गच्च्यांवरून बायका वाकून बघत होत्या. मधोमध एका घरातल्या मेलेल्या थोरल्या मुलाची जुनी मोटरसायकल स्टँडवर लावलेली, आणि शेजारी डोळे मिटून इंजिनबाबा.

"टाकी काठोकाठ भरलीत ना? आत्म्याला उपाशी ठेवायचं नाही. भेसळ तर त्याला मुळीच चालत नाही."

"भरली, महाराज," म्हणत धाकट्याने किक मारली.

थोरल्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. तिच्या उजव्या तळव्याला पट्टी होती. मागच्या खेपेला बाबाने तिला तापलेल्या सायलेन्सरवर हात ठेवायला लावला होता. नवऱ्याचं वाईट चिंतलं नसेल तर चटका बसणार नाही म्हणे! मनगट दिरानेच दाबून धरलं. ती किंचाळली, कातडी सोलवटली, आणि लोक ओरडले, "खोटारडी!" सासू तर तोंडावर थुंकली. आता तिची तिलाच शंका येऊ लागली होती. नवरा त्या सकाळी तिच्याशी भांडूनच गाडीवर बसला होता, आणि दुपारी कामावर छाती धरून कोसळला होता.

इंजिन आधी नीट चाललं. धाकट्याने रेस वाढवली आणि तशीच धरून ठेवली. बाबाचं पुटपुटणं लांबत गेलं. मग गाडी एकदम मिस मारायला लागली. फट्, फट्, फटफट्.

"आला!" बाबा गरजला. "हिने गळा आवळलाय त्याचा! श्वास घेता येत नाही लेकराला!"

त्याने टाकीचं झाकण फिरवलं. आतून लांबलचक 'सुस्स' ऐकू आलं.

"माझ्या लेकाचा सुस्कारा गं!" सासूने हंबरडा फोडला.

झाकण हातातच ठेवून बाबाने चिमूटभर राख उडवली. गाडी पुन्हा खणखणीत बोलू लागली. गर्दीने हात जोडले.

"ही बाई घराबाहेर गेली की तो कायमचा सुटेल. घर धाकट्याकडे राहावं, अशीही त्याची इच्छा दिसते."

"महाराज, एक शंका," गर्दीतून आवाज आला. सुनेची बहीण पुढे आली. शाळेत विज्ञान शिकवायची ती. "फुल रेस दिली तरच आत्मा का येतो? हळू चालवली की कुठे जातो?"

"त्याला वेगाची आवड होती, बाई!"

"बरं. प्लग बदलला, पॉइंट घासले, कार्बोरेटर धुतला, तरी गाडी मिस मारते. म्हणून भूत ठरलं ना? मग झाकण कुणी तपासलं?"

बाबाच्या हातातलं झाकण तिने हिसकावलं आणि केसातल्या आकड्याने आतून खरवडलं. मेणाचा गोळा बाहेर आला.

"या भोकातून टाकीत हवा येते. भोक बुजवलं की पेट्रोल खाली उतरत नाही. हळू चालवताना पेट्रोल कमी लागतं, म्हणून भागतं. रेस दिली की इंजिन तहानेलं राहतं. टाकी काठोकाठ असली की आत हवा मुळातच थोडी, म्हणून लवकर अडतं. झाकण उघडलं की बाहेरची हवा आत घुसते. हाच तुमचा सुस्कारा."

तिने झाकण लावलं आणि स्वतः रेस पिळली. पिळून धरली. गाडी काही खोकली नाही. सगळे धाकट्याकडे वळले.

"माझ्याकडे काय बघता?" तो ओरडला. "मेण भरायला यांनीच सांगितलं होतं!"

मघाशी हात जोडणारेच बाबावर तुटून पडले. "धरा याचा हात! ठेवा सायलेन्सरवर!"

"सोडा त्याला," सून पुढे झाली. "पोलिसांच्या ताब्यात द्या."

"अगं, तुझा हात जाळला ना याने?"

"जाळला. त्यावरून तुम्हाला काय कळलं? तापलेलं लोखंड खऱ्यालाही भाजतं, खोट्यालाही भाजतं. एवढं तर तुम्हा सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. तेव्हा एकाने तरी डोकं चालवायचं होतं."

सासूने खाली वाकून मेणाचा गोळा उचलला आणि सुनेचा पदर धरला.

"एकदा लाव ना गं परत. एकदाच ऐकते त्याला."

सुनेने पदर सोडवून घेतला.

"ती हवा होती, आई. या गल्लीत माणसाचा आवाज एकच झाला, मी किंचाळले तो. तो तुम्हाला ऐकू आला नाही."