तेवढाच वेग, म्हणे!

मी एक जुनी पितळी चकती आहे. मित्रांनो, वस्तुमान माझे दोनशे ग्रॅम आणि मुक्काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत.

कारखान्यात मला घडवणाऱ्या कारागिराने माझ्या कडेवरून अंगठा फिरवून "झकास" म्हटले होते. माझ्या वाट्याचे कौतुक तेवढेच. पुढचा जन्म आपटण्यात गेला. इथल्या टेबलाच्या बारीक छिद्रांतून हवा येते, त्यामुळे मी अलगद घसरते, तिरकी जाऊन काठावर धडकते आणि तेवढ्याच चालीने दुसरीकडे वळते. काठाला धक्का मोजणारा मापक आहे. तो ०.१६ दाखवतो. मुले मात्र लिहितात, 'संवेगातील बदल शून्य.' खाली टीप, 'चकती झिजल्यामुळे मापकात चूक.'

ऐकून डोके आपटावेसे वाटते. पण ते तर मी रोजच आपटते.

घोळ सगळा एका शब्दाचा. बोलताना सगळेच चालीला, म्हणजे नुसत्या 'किती भरभर'ला, वेग म्हणतात. भौतिकशास्त्रातल्या वेगाला दिशा असते; ती बदलली की वेग बदलला आणि वस्तुमान गुणिले वेग म्हणजे जो संवेग, तोही. सर हे घसा कोरडा होईपर्यंत सांगतात, मुले माना डोलावतात आणि टेबलापाशी आली की पुन्हा शून्य.

यंदा सरांनीही चकती झिजल्याच्या त्याच त्या तक्रारींना वैतागून ठरवले, ही परीक्षा झाली की चकती भंगारात. त्याच परीक्षेला एक बहीणभाऊ माझ्या टेबलावर आले. ताई याच प्रयोगात आधी दोनदा नापास झालेली. या वेळीही नापास झाली तर तिचे कॉलेज सुटणार होते.

"ताई, आधीचा वेग सेकंदाला ०.५ मीटर, नंतरचा ०.५. वजाबाकी शून्य. लिही आणि मोकळी हो," भाऊ म्हणाला.

"अरे, पण मापक हलला ना?"

"चकतीच खराब आहे. सगळे तेच लिहितात."

ताईने शून्य लिहिले. माझा नुसता जळफळाट झाला. तोंड असते तर दोघांनाही चांगले सुनावले असते.

वेळ संपत आली. सरांनी मला उचलून भंगाराच्या खोक्यात टाकले. ठण्ण आवाज झाला, तशी ताई दचकली.

"सर, थांबा. धक्का बसल्याशिवाय मापक हलेल कसा? ती खराब नाहीये. माझंच चुकलंय."

"मग दुरुस्त कर. दोन मिनिटं आहेत."

तिने वेगाचे दोन दिशांतले भाग दाखवणारे बाण भराभर काढले. काठाला समांतर ०.३, तो तसाच राहिला. काठाकडे जाताना ०.४, परतताना ०.४, पण उलट दिशेने. म्हणजे बदल शून्य नाही, ०.८. गुणिले माझे ०.२ किलो.

"०.१६," ती पुटपुटली. "सर, काठाने हिला दिलेला आवेग, म्हणजे धक्का, एवढाच. मापक बरोबर होता."

"हे मागच्या दोन वेळेला का नाही सुचलं गं?"

"तेव्हाही चकतीलाच नावं ठेवली होती, सर."

ताई पास झाली. सरांनी मला पुसून टेबलावर ठेवले. मला वाटले, सुटले एकदाची.

आज नवी तुकडी आली. पहिल्याच मुलीने मला ढकलले, मापक पाहिला आणि मैत्रिणीला म्हणाली, "वेग तेवढाच आहे. चकतीच झिजलीये."

मित्रांनो, मला पुसले नाहीत तरी चालेल. खोक्यात फेकण्याआधी एवढे तरी विचारा, कुठून आलीस आणि कुठे निघालीस?