चुन्याच्या निवळीत विझलेला चमत्कार

भरदुपारी दारं-खिडक्यांना घोंगड्या टांगून प्रार्थना घेणाऱ्या बंधू अबुन्दियोने बाटली उंच धरली, आणि आतलं पाणी निखाऱ्यासारखं लाल पेटलं. चोलुला गावातली आमची अख्खी गल्ली गुडघ्यांवर आली.

"कुमारीमातेचं रक्त आहे हे!" बंधू गरजला. "रोज उपाशीपोटी प्या. सुया फेका, गोळ्या फेका! पापी हात लागला तर मात्र प्रकाश मरतो हं!"

मोठा सोयीचा प्रकाश. छताच्या जांभळ्या दिव्याखालीच पेटणारा.

पुढच्या रांगेत माझी मैत्रीण एउलालिया त्याच लाल पाण्याचा पेला धरून बसली होती. आठवडाभर इन्सुलिन बंद; पायाची जखम काळी पडत चाललेली. तिची लेक नेरेइदा पुएब्ला शहरातल्या प्रयोगशाळेत असंच पाणी बनवते, पण लेकीचं ऐकतंय कोण? मी नेरेइदाची धर्ममाता. सकाळीच ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली होती.

"मद्रिना, सिलिकॉनची चकती आम्लात ठेवून वीज सोडायची. आम्ल तिला पोखरतं. मग तिचे इतके बारीक कण सुटतात, की जांभळा उजेड पडला की ते लाल उजेड देतात. एवढंच!"

"आणि विझतात कशाने?" मी मका शिजवण्यासाठी चुना कालवत विचारलं.

तिने पातेल्यात पाहिलं. "अगं, याच्याच निवळीने. चुना त्यांना विरघळवतो."

आता दुपारी, घरून भरून आणलेली तीच निवळी मी एउलालियाच्या पेल्यात ओतली. बारीक बुडबुडे उठले. लाली फिकटली. गेली.

"पाहिलंत? हीच ती पापीण!" बंधू ओरडला.

"आहेच मी. नवरा सोडलाय, प्रार्थनेला दांडी मारते. तुम्ही तर संत ना? मग धरा बाटली!"

तो बाटली पाठीमागे लपवू लागला. त्याच्या मागेच उभ्या असलेल्या नेरेइदाने तिथेच तिच्यात निवळी ओतली. संताच्या मुठीत प्रकाश मेला.

"अगंबाई, बंधूही पापीच की!" मागून कुणीतरी खिदळलं.

नेरेइदाने स्वतःची बाटली दिव्याखाली धरली. तसंच लाल. "हे मी केलंय, आई. वाळूतून काढलेलं सिलिकॉन आहे, रक्त नव्हे. आणि हे पिण्याचं औषध नाही." तिने दिवा बंद केला. काळोख. लावला. लाल.

एउलालिया पुटपुटली, "मग माझा पाय?"

"आधी सुई. मग लगेच डॉक्टर. चल," नेरेइदा म्हणाली.

मी घोंगड्या ओढून काढल्या. बंधू उन्हात डोळे चोळत राहिला.

बायांनो, अंधार नेरेइदालाही लागतो. पण दिवा कुठे आहे, ते ती दाखवते. जो दाखवत नाही, त्याला विचारा. तो तुम्हाला पापी म्हणाला तरी विचारा.

एउलालियाने बाही वर केली. "हळू टोच गं," ती लेकीला म्हणाली.