भुवईवरचा कापूस

मी एक जुनी कच्ची फाइल आहे. हसू नका, मित्रांनो! फाटक्या छत्रीला आणि शाळेच्या घंटेला आपली कहाणी सांगता येते, तर मला का येऊ नये? कॅमेऱ्याला जे जे दिसतं, ते सगळं काटछाट न करता ज्या फाइलीत साठतं, ती मी. शिकलेले लोक मला 'रॉ' म्हणतात. आमच्या अकोटला जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढायचे कारखाने, म्हणून तिथल्या भाषेत सांगते. मी सरकीसकट कापूस आहे. दिसायला मळकट, पण सगळं माझ्यात आहे.

माझा जन्म मात्र चुकून झाला. २००९ सालचा फेब्रुवारी महिना होता. अकोटच्या बसस्टँडजवळ शफीभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी अमरावतीहून एक वापरलेला कॅमेरा आणला. त्याच्या आधीच्या मालकाने त्यात अशी सोय करून ठेवली होती की एकदा बटण दाबलं की दोन फाइली जन्माला यायच्या. एक तयार, उजळ फोटो, आणि दुसरी माझ्यासारखी. ही सोय बंद कशी करायची ते शफीभाऊंना ठाऊक नव्हतं. कुणाला विचारावं तर वीस वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाचं नाक खाली होणार!

"हे दुसरं काय येऊन राहिलं बाप्पा? उघडत नाई, दिसत नाई, नुसतं जागा खाऊन राहिलं!" ते चिडून म्हणत. माझ्याबद्दल मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. पुढेही काही बरं ऐकायला मिळालं असं नाही.

त्या दिवशी मायाचं लग्न होतं. मायाचे काका मोतीराम जिनिंगमध्ये कामाला होते. मशीनमध्ये कापूस लोटायचं त्यांचं काम. हंगाम चालू, सुट्टी मिळेना, म्हणून पाळी संपवून ते तसेच मांडवात आले. तोंडावर पाणी मारलं, सदरा बदलला आणि निळ्या कापडाच्या मांडवात एका बांबूला टेकून उभे राहिले. समोरून त्यांची बायको इंदूबाई त्यांना खुणावत होती, जेवायला चला म्हणून. ते तिच्याकडे बघून हसले, आणि शफीभाऊंनी बटण दाबलं. त्या क्षणी मी आणि माझा जुळा भाऊ जन्मलो.

भावाचं कौतुक काय सांगू! त्याला लगेच कॉम्प्युटरवर घेतलं. शफीभाऊंची 'सफाई' अकोटात नावाजलेली. उन्हाने रापलेला रंग उजळ, देवीचे व्रण गायब, सुरकुत्या सपाट. लोकांना तेच हवं असायचं. लग्नाचा अल्बम बघून बायका म्हणाल्या, "शफीभाऊच्या हातात जादू हाय!" भाऊ अल्बममध्ये जाऊन बसला. मी मात्र काळपट, निस्तेज, उघडायलासुद्धा कुणी तयार नाही. मला फार वाईट वाटायचं. एका आईची लेकरं, एकाला पाट आणि एकीला उंबरठा.

पुढे डिस्क भरली. शफीभाऊ एका दुपारी माझ्या जातीच्या फाइली पुसायला बसले. एकेका लग्नाच्या फाइली शेकड्याने नाहीशा होत होत्या. मायाच्या लग्नाची पाळी आली, माझ्या शेजारची गेली, तिच्या शेजारची गेली, आणि तेवढ्यात लोडशेडिंग! लाइट आली ती सहा तासांनी. तोवर शफीभाऊ ते काम विसरून गेले होते. मित्रांनो, लोडशेडिंगला सगळा वऱ्हाड शिव्या घालत होता, मी एकटी तेवढी हात जोडत होते. पण त्या लग्नातली मी एकटीच उरले. बोलायला कुणी नाही, बघायला कुणी नाही. एकटेपणा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

बाहेरही दिवस वाईट होते. एका साली पाऊस नाही, दुसऱ्या साली कपाशीवर रोग. जिनिंगमध्ये गाड्या येईनात, आणि एक दिवस मोतीरामचा कारखानाच बंद झाला. ते सुरतेला कामाला गेले. तिथे तापाने आठ दिवसांत वारले. इंदूबाई शेवटची भेट घ्यायला पोचल्याही नाहीत. मूलबाळ नव्हतं, म्हणून इंदूबाईंना त्यांच्या भावाने भातकुलीला आपल्या घरी नेलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो हवा होता. मोतीरामचा उभ्या जन्मातला फोटो एकच, मायाच्या लग्नातला. शफीभाऊंनी घाईघाईत माझ्या भावाला मोठं केलं, आणखी थोडी सफाई केली आणि फ्रेम करून दिली.

दोन महिन्यांनी इंदूबाई दोन एस.ट्या बदलून अकोटला आल्या. टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम त्यांनी काउंटरवर ठेवली.

"शफीभाऊ, हा कोन हाय?"

"काहून वो बाई? तुमचे मालकच तर हायेत."

"नाई. सदरा त्याचाच हाय, पन तोंड त्याचं नाई. दोन महिने झाले, रोज पाहून राहिली मी. त्याचं खरं तोंड आठवाले गेली का हेच गुळगुळीत तोंड समोर येते. मी त्याले इसरून राहिली, भाऊ. मले त्याचं तोंड वापस द्या."

शफीभाऊंना आधी रागच आला. त्यांच्या सफाईला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. पण इंदूबाईंचे डोळे पाहिले आणि ते खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसले. त्यांनी माझ्या भावालाच धार लावायला, म्हणजे त्याच्या पुसट रेषा ठळक करायला घेतल्या. पडद्यावरची धारेची पट्टी ओढली, आणखी ओढली. कानाभोवती पांढरी कड आली, केस तारेसारखे झाले, पण तोंड गुळगुळीतच. अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तेव्हा त्यांना अमरावतीचं फोटोग्राफरांचं शिबिर आठवलं. तिथे त्यांना एक नवं सॉफ्टवेअर मिळालं होतं आणि कच्च्या फाइलीत काय काय असतं तेही पहिल्यांदा कळलं होतं. घरी येऊन मात्र ते सगळं विसरले होते. ते डिस्क धुंडाळू लागले. आणि मित्रांनो, तीन वर्षांनी मला उजेड दिसला!

"अल्ला, ही वाचली कशी?" ते पुटपुटले.

त्यांनी आधी मांडवाचा निळा रंग मोतीरामच्या गालावरून उतरवला. मग सावली थोडी उचलली, तसा रापलेला रंग वर आला. मग डोळ्यांपाशी फोटो मोठा करून पाहिला. या वेळी धार बेताची लावली, तीही डोळे, भुवया, ओठांच्या कडांपुरती. मागच्या कापडाला हात लावला नाही. फोटोतले बारीक ठिपके, म्हणजे दाणे, घालवणारी पट्टी थोडीशीच सरकवली, कारण जास्त सरकवली की दाण्यांबरोबर देवीचे व्रणही पुसले जात होते. ते व्रण एकेक करून दिसू लागले. इंदूबाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या.

उजव्या भुवईवर काहीतरी पांढरं दिसलं. शफीभाऊंचा हात सवयीने सफाईकडे गेला. "थांबा, एवढा कचरा काढून टाकतो."

"राहू द्या!" इंदूबाई इतक्या जोरात ओरडल्या की रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. "हात नोका लावू त्याले! कचरा नाई तो, कापूस हाय!"

खरंच कापूस होता. पाळी संपवून आलेल्या माणसाच्या भुवईत अडकलेला एक तंतू. माझ्या भावाच्या तोंडावरून तो पहिल्याच दिवशी गेला होता. मी मात्र जपून ठेवला होता.

"रोज कामावरून आला का असाच कापूस घेऊन येई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी काढो, तं म्हने, 'राहू दे वं, उद्या पुन्हा लागनच.'" आणि त्यांनी बोट पुढे करून पडद्यावरच्या भुवईवरून हलकेच फिरवलं, तो तंतू काढण्यासाठी. मग त्या रडल्या. शफीभाऊ मान फिरवून चष्मा पुसत बसले.

त्या दिवशी छापलेला फोटो भातकुलीला गेला. शफीभाऊंनी कच्च्या फाइली पुसणं सोडलं. पण पुढे लोक मोबाइलवरच फोटो काढू लागले, नवा कॉम्प्युटर आला, आणि माझी डिस्क एका खोक्यात माळ्यावर गेली. तिथे मी आजही आहे. अंधार आहे, धूळ आहे, सोबत कुणी नाही. दुरून एस.टी.चा हॉर्न ऐकू आला की वाटतं, इंदूबाई आल्या असतील.

मित्रांनो, जागा हवी म्हणून, नाहीतर दिसायला बरं नाही म्हणून काही पुसायला निघालात, तर आधी घरातल्या माणसाला एकदा विचारा. तुम्हाला जो कचरा वाटतो, तो कुणीतरी रोज संध्याकाळी आपल्या हाताने काढलेला असतो.

मोतीरामच्या भुवईवरचा कापूस माझ्यापाशी अजून तसाच आहे. काढणारी भातकुलीला आहे.